मागाचा आवाज जाऊन राहिला

"भाऊ, मागाचा आवाज जाऊन राहिला," बाई फोनवर म्हणाल्या आणि मी खूश झालो.

शनिवार होता. दुकानात गर्दी होती. मी एका गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर टेम्पर्ड ग्लास बसवत होतो. काच अर्धी चिकटली होती. अशा वेळी हात सोडता येत नाही. सोडला की खाली धूळ जाते आणि बुडबुडा धरतो. दुकानाचा फोन मी मान वाकडी करून खांद्यात दाबला होता.

"मी उमरेडहून वर्षा. सोमवारी कानातलं नेलं होतं ना ब्लूटूथवालं, ते."

"हां ताई, ओळखलं. काय झालं?"

"बहिणीले फोन लावून पाह्यला. तर मागाचा आवाज जाऊन राहिला."

"गेला ना? वा! मग आता बिनधास्त बोला."

"बिनधास्त?"

"एकदम बिनधास्त."

"नाही, म्हणजे मामाजी म्हणत होते, सोमवारपासून तीन दिवस हातमाग बंद ठेवतो म्हणून..."

"कशाला ताई? चालू राहू द्या की. उगाच म्हाताऱ्या सासऱ्यांचं काम कशाला थांबवता?"

"नक्की ना भाऊ?"

"हजार टक्के."

फोन ठेवला. काच बसली, एकही बुडबुडा न धरता. दोन्ही कामं नीट झाली म्हणून मी स्वतःवर खूश होतो. त्यातलं एकच नीट झालं होतं, हे मला गुरुवारी कळलं.

आता थोडं मागचं सांगतो.

मी गडहिंग्लज तालुक्यातला. नववीत शाळा सोडली. माझी अक्का लग्न होऊन नागपूरला आली होती. दाजी इथं एका गोदामावर सुपरवायझर आहेत. त्यांनी सक्करदऱ्याच्या एका मोबाइल दुकानात शब्द टाकला आणि मी अख्खा महाराष्ट्र ओलांडून आलो. तोवर मी मिरजेच्या पुढं कधी गेलो नव्हतो.

दुकानाचे मालक वासूभाऊ. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "शिक्षण?"

"नववी."

"पास का फेल?"

"परीक्षेला बसलोच नाही."

"मंग फेल तर नाही झाला ना? ये उद्यापासून."

ही माझी मुलाखत. त्या माणसाचे उपकार मी विसरणार नाही. पण उपकार झालेल्या माणसाला एक रोग जडतो, तो भीतीचा. मला सारखं वाटायचं, यांना एक दिवस कळेल की या पोराला काही येत नाही, आणि ते मला परत पाठवतील. वासूभाऊ तसं कधी एका शब्दानं बोलले नाहीत. ते मला 'कोल्हापूर' म्हणायचे. गडहिंग्लज म्हणजे कोल्हापूर नव्हे, हे मी चार वेळा समजावलं, मग सोडून दिलं. "कोल्हापूर, चार्जर काढ." "कोल्हापूर, चहा सांग." माझं महादेव हे नाव फक्त अक्काच्या घरी उरलं.

भीतीचं एक ठरलेलं ठिकाण होतं: परत येणारा डबा. विकलेला माल सात दिवसांत बदलून द्यायचा, असा दुकानाचा नियम. डबा परत आला की वासूभाऊ तो उघडून बघायचे आणि विचारायचे, "कोणी विकला होता?" एवढंच. रागानं नाही. पण माझं नाव त्या प्रश्नाला उत्तर म्हणून येऊ नये, यासाठी मी जीव टाकत होतो. दोन महिने झाले होते आणि माझा एकही डबा परत आला नव्हता.

अशात सोमवारी वर्षाताई आल्या. तिशीच्या आसपास. उमरेडच्या बसनं उतरून थेट दुकानात. हातात कापडी पिशवी, पिशवीत वही. वहीत त्यांनी प्रश्न लिहून आणले होते. असं गिऱ्हाईक मी पहिल्यांदाच पाहिलं.

"भाऊ, कानातले दाखवा, वायर नसलेले. माझे कान लहान आहेत, म्हणून सारखे निघून पडते. दुसरं, सहा-सहा तास घालून बसायचं आहे, दुखले नाही पाहिजे. तिसरं म्हणजे फोनवर बोलणं साफ गेलं पाहिजे."

काम काय, ते त्यांनीच सांगितलं. एका कंपनीचं घरून फोन घ्यायचं काम होतं. दवाखान्यांच्या अपॉइंटमेंट. पेशंट फोन करणार, या बाई वेळ लिहून घेणार. मुलाखत झाली होती. आता पुढच्या सोमवारपासून तीन दिवस ट्रायल होती. म्हणजे खरे फोन घ्यायचे आणि कंपनीची सुपरवायझर मधूनच ऐकणार. तीन दिवस पार पडले की नोकरी. उमरेडमध्ये राहून, घरातलं सगळं सांभाळून, स्वतःच्या नावाची नोकरी.

"घरी मामाजींचा माग आहे, हातमाग," त्या म्हणाल्या. मामाजी म्हणजे सासरे. "पुढच्या खोलीत दिवसभर खटक-खटक चालू राहते. मी मधल्या खोलीत बसणार. तर माग चालला तरी चालते ना?"

पहिल्या दोन प्रश्नांवर मी चांगलं काम केलं, हे आजही म्हणेन. कानाचं माप घेतलं. इअरबडचे दोन प्रकार असतात. एक कानाच्या तोंडाशी नुसता टेकतो. दुसरा रबराच्या टोपीसकट आत बसतो. दुकानात आम्ही त्या टोपीला नुसतं रबर म्हणतो. डब्यात तीन मापांची रबरं येतात, पण लोक मधलं लावलेलं असतं तेच वापरतात आणि कान दुखतो म्हणून मालाला शिव्या देतात. मी ताईंना सगळ्यात लहान रबर लावून दिलं. मग काउंटरवरची बडीशेप चावायला दिली. जबडा हलला की कानाची नळी आतून हलते. नीट न बसलेला इअरबड तिथंच सुटतो. ताईंनी बडीशेप चावली, मान हलवली, खाली वाकून पिशवी उचलली. इअरबड जागचा हलला नाही.

"बाप्पा! हे तर चिपकलंच."

"दहा मिनिटं राहू द्या. दुखलं तर सांगा."

दहा मिनिटांनीही दुखलं नाही. मी फुललो. आणि फुललेल्या अवस्थेत तिसऱ्या प्रश्नाकडं गेलो.

आमच्या दुकानात एक जुना मिक्सर होता, वासूभाऊंच्या घरचा. भांडं फुटलेलं, मोटर चालू. नॉइज कॅन्सलिंग दाखवायला तो ठेवला होता. गिऱ्हाइकाच्या कानात इअरबड घालायचा, मिक्सर चालू करायचा. घर्रर्र. मग इअरबडवर बोट दाबून धरायचं. एका क्षणात मिक्सर गायब. गिऱ्हाइकाचे डोळे मोठे होतात. त्या डोळ्यांवर आमचा निम्मा माल विकला जायचा.

ताईंचेही डोळे मोठे झाले.

"मिक्सर गायब होतो ताई, माग काय चीज आहे!"

हे वाक्य माझंच. कोणी शिकवलेलं नव्हतं.

यात चूक काय होती, ते आज मला कोणीही झोपेतून उठवून विचारावं. नॉइज कॅन्सलिंग म्हणजे दोन वेगळी कामं असतात. डब्यावर ती शेजारी-शेजारी छापलेली असतात, एएनसी आणि ईएनसी. एकाच अक्षराचा फरक. एएनसी तुमच्या कानासाठी. बाहेरचा आवाज छोटा माइक ऐकतो, मशीन त्याच्या बरोब्बर उलटा आवाज तयार करते आणि दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. त्यातही पंखा, मिक्सर, बसचं इंजिन असा एकसारखा आवाज ते चांगला खाते. खट, खट, असा तुटक आवाज त्याला नीट खाता येत नाही. ईएनसी समोरच्याच्या कानासाठी. तुमचं बोलणं पुढं पाठवायचं आणि आजूबाजूचं गाळायचं. पण इअरबडचा माइक असतो कानाशी, आणि तोंड राहिलं लांब. शेजारच्या खोलीत माग चालू असेल, तर त्या बिचाऱ्या माइकला बाई कोण आणि माग कोण, हे पुरतं कळत नाही.

आमचा मिक्सर एएनसी दाखवायचा. ताईंना हवं होतं ईएनसी. त्यांनी विचारलं होतं, बोलणं साफ *गेलं* पाहिजे. मी दाखवलं ते साफ *येणं*. त्यांच्या वहीत बरोबर लिहिलेलं होतं. मी वाचलं नाही.

मला हा फरक तेव्हा माहीत नव्हता असं नाही. अर्धवट माहीत होता. डब्यावर 'चार माइक' लिहिलेलं होतं, ते मी बोट ठेवून दाखवलं. "चार चार माइक आहेत ताई. आतली चिप आवाज गाळते." दुकानाबाहेर जाऊन, रस्त्यावरून एक फोन लावून बघायला दोन मिनिटं लागली असती. लावला नाही. डोळे मोठे झाले होते ना.

ताईंनी वही मिटली. जाताना म्हणाल्या, "काही अडलं तर फोन करीन हं भाऊ." मी म्हणालो, "हक्कानं करा."

त्यांनी केला. तो शनिवारचा फोन.

गुरुवारी सकाळी दुकान उघडून मी काउंटर पुसत होतो. ताई आल्या. सोबत एक वृद्ध गृहस्थ. पांढरा सदरा, पायजमा, उंच, जरा वाकलेले. ते आत आले आणि सगळ्या काचांकडं, कव्हरांकडं, लटकलेल्या वायरींकडं बघत राहिले. हेच मामाजी.

ताईंनी पिशवीतून डबा काढून काउंटरवर ठेवला. मी पहिलं काय म्हणालो असेन? "ताई, सात दिवस होऊन गेले."

आजही ते आठवलं की मान खाली जाते. बाईंनी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

"बदलून नाही पाहिजे," त्या म्हणाल्या. "फक्त विचारायले आली. तुमी असं काहून सांगतलं?"

"काय सांगितलं?"

"बिनधास्त बोला म्हणून."

मग त्यांनी सगळं सांगितलं. सोमवारी ट्रायल सुरू झाली. पहिल्या दिवशी सुपरवायझर काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी एक पेशंट फोनवर चिडला, "मॅडम, आप कहाँ बैठी हैं?" अकरा वाजता सुपरवायझर लाइनवर आली. "पीछे क्या चल रहा है? फैक्टरी है क्या?" ताईंनी सांगितलं, हातमाग आहे, आत्ता बंद करते. ती म्हणाली, ट्रायलचे फोन रेकॉर्ड होतात, दोन दिवसांचे वरच्या साहेबांकडं गेले आहेत, आता काही करता येणार नाही. सहा महिन्यांनी परत फॉर्म भरा.

"मी शनिवारी फोन केला होता ना तुमाले? आवाज जाऊन राहिला म्हणून सांगतलं होतं ना?"

"होय की," मी म्हणालो. "तुम्ही म्हणालात आवाज गेला. म्हणूनच तर मी म्हणालो..."

"गेला कोण म्हटलं?"

"तुम्हीच. जाऊन राहिला म्हणालात."

मागं बिलबुक शोधत असलेले वासूभाऊ पुढं आले. त्यांना पहिल्यांदा हसू आलं. मग ताईंचा चेहरा दिसला आणि ते हसू जागीच विरलं.

"अबे कोल्हापूर," ते हळू आवाजात म्हणाले, "जाऊन राहिला म्हणजे गेला नाही बे. जाऊन राहिला म्हणजे जातो आहे. समोरच्याले ऐकू जातो आहे."

इथं मला माझी बाजू सांगायची आहे. ती बाजू फार मोठी नाही. आमच्याकडं 'तो जाऊन राहिला' म्हटलं, तर माणूस गेला आणि तिकडंच राहिला, असा अर्थ. चालू कामाला आम्ही 'आवाज जायलाय' म्हणतो. इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात अक्काची शेजारीण म्हणाली होती, "भाऊ जेवून राहिले का?" मी म्हणालो होतो, "नाही, जेवून लगेच जाणार." त्यावर सगळी चाळ हसली होती. म्हणजे बोली मला अगदीच कळत नव्हती असंही नाही. दोन महिन्यांत 'करून राहिलो', 'येऊन राहिलो' कानावरून रोज जात होतं. शांतपणे ऐकलं असतं, तर कळलं असतं. पण आवाज 'जाणं' म्हणजे नाहीसा होणं, हे माझ्या डोक्यात मिक्सरसकट पक्कं बसलेलं होतं. आणि खरं सांगायचं तर मला तक्रार ऐकायचीच नव्हती. सहावा दिवस होता. आणखी एक दिवस गेला की डबा परत यायची भीती संपणार होती. मला जे ऐकायचं होतं, तेवढंच मी ऐकलं.

"पण ताई," मी म्हणालो, "मी 'गेला ना, वा' म्हणालो, तेव्हा तुम्हाला विचित्र नाही वाटलं?"

"वाटलं ना. पण मले वाटलं, तुमी जाणकार माणूस. चिप आवाज गाळते म्हटलं होतं तुमी. मी म्हटलं, बहिणीच्या फोनवर जाऊन राहिला, पण कंपनीच्या मशीनमध्ये गेल्यावर गाळून जात असन. मामाजी तर माग बंद ठेवाले तयारच होते. मीच म्हटलं, नका ठेवू. दुकानवाले भाऊ हजार टक्के म्हणून राहिले."

आता मामाजींनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, कापडातला दोष शोधावा तसं.

"कुठला गा तू?"

"गडहिंग्लज. कोल्हापूरकडचा."

"लय लांब आला बाप्पा." मग डब्याकडं बोट करून म्हणाले, "मशीन बेस आहे तुमची, चांगली आहे. कानच खराब निघाला. मशीनचा नाही, तुझा."

वासूभाऊंनी मला वाचवायचा प्रयत्न केला नाही आणि झाडलंही नाही. त्यांनी फक्त म्हटलं, "मिक्सर लाव."

मी मिक्सर लावला. वासूभाऊंनी ताईंना त्यांचेच इअरबड कानात घालायला सांगितले, मिक्सरशेजारी उभं केलं आणि माझ्या फोनवर कॉल लावायला लावला. "तू बाहेर जा. रोडच्या त्या बाजूले. ऐक."

मी रस्ता ओलांडून पलीकडं गेलो. फोन कानाला लावला. घर्रर्र. आणि त्या घरघरीच्या तळाशी कुठंतरी एक बारीक आवाज होता, मधेच बुडणारा, मधेच वर येणारा. "भाऊ, ऐकू येऊन राहिलं का? भाऊ?"

दोन महिने मी तो मिक्सर रोज वाजवत होतो. रस्त्याच्या या बाजूला एकदाही आलो नव्हतो.

परत आत आलो, तोवर वासूभाऊ स्टूलवर चढून वरच्या फळीवरून काहीतरी काढत होते. दांडीवाला हेडफोन. डोक्यावरून घालायचा, वायरचा. गालाजवळून एक वाकडी दांडी येते आणि तिच्या टोकाला माइक, थेट ओठांसमोर. दिसायला ओबडधोबड. कोणी मागत नाही, म्हणून त्यावर धूळ होती. माइक तोंडाजवळ असला की तोंडाचा आवाज मोठा आणि बाकीचं आपोआप लहान. एवढं साधं शास्त्र. परत कॉल लावला, परत मी रस्त्यापलीकडं गेलो. मिक्सर होता, पण भिंतीपलीकडं असल्यासारखा. ताईंचा आवाज समोर.

वासूभाऊंनी डबा परत घेतला आणि हेडफोन पिशवीत घातला. सात दिवसांचं नाव काढलं नाही. कोणी विकला होता, हेही विचारलं नाही. ते विचारलं असतं तर बरं झालं असतं.

"आता हे नेऊन काय करू?" ताई म्हणाल्या.

"सहा महिन्यांनी लागन," वासूभाऊ म्हणाले.

ताईंनी पिशवी उचलली. वही त्यांनी या वेळी आणली नव्हती.

ते गेल्यावर मी वासूभाऊंना म्हणालो, "मला काढून टाकणार का?"

"काहून?"

"चूक झाली ना."

"चूक तर झाली. मिक्सर तर मीच ठेवला होता ना इथं?" ते बिलबुक शोधायला लागले. "जा, चहा सांग. आणि हे बघ, ज्या दिवशी समजलं नाही, त्या दिवशी 'समजलं नाही' म्हण. दुकान काही पळून जाऊन नाही राहिलं."

रविवारी मी उमरेडला गेलो. कोणी सांगितलं नव्हतं. दांडीवाले आणखी दोन प्रकार सोबत घेतले. वाटलं, निदान खऱ्या मागाशेजारी एकदा तपासून द्यावं. जे विकतानाच, त्या पहिल्या सोमवारी करायचं होतं, ते.

मामाजींनी दार उघडलं. "आला का कोल्हापूर? ये. आता आपल्याच कानानं ऐक."

ते मागावर बसले. पाय खालच्या पावड्यांवर, म्हणजे पायानं दाबायच्या पट्ट्यांवर, हातात दोरी. दोरी ओढली की धोटा इकडून तिकडं धावतो आणि फणी ठोकली जाते. खट. खटक. खट. हा आवाज मिक्सरसारखा मुळीच नव्हता. प्रत्येक ठोका वेगळा, आणि दोन ठोक्यांच्या मधे शांतता. इतका वेळ मी ज्याला 'माग काय चीज आहे' म्हणत होतो, ते हे.

तासभर आम्ही तपासलं. मी गल्लीत उभा राहून 'अजून आवाज जायलाय' म्हणायचो, ताई आतून बोलायच्या. दुसऱ्या प्रकारचा हेडफोन सगळ्यात बरा निघाला. मधलं दार लावलं, दाराला गोधडी टांगली, ताईंनी मागाकडं पाठ न करता तोंड केलं, म्हणजे दांडीवरच्या माइकची पाठ मागाकडं आली. ठोका जवळजवळ ऐकूच येईना. सगळं मिळून साधंसुधं काम. ट्रायलच्या आधीच्या रविवारी झालं असतं, तर ताईंना नोकरी लागली असती. लागली असतीच, असं नाही म्हणता येत. पण फॅक्टरी आहे का, असं कोणी विचारलं नसतं.

ताईंनी चहा दिला. मी म्हणालो, "ताई, त्या कंपनीला मी फोन करून सांगू का, चूक माझी होती म्हणून?"

"तुमी?" त्या पहिल्यांदाच जरा हसल्या. "तुमी बोलसान 'जायलाय', ते समजतीन 'ज्याला आहे'. राहू द्या."

मामाजी आतून खो-खो हसले. मीही हसलो. हसण्यासारखं काही नव्हतं.

सहा महिने मी दिवस मोजले. कॅलेंडरवर खूण करून ठेवली होती. मधल्या काळात दुकानात दोन गोष्टी बदलल्या. मिक्सर राहिला, पण आता तो लावला की मी गिऱ्हाइकाला फोन घेऊन रस्त्यापलीकडं पाठवतो आणि मिक्सरशेजारी उभा राहून इअरबडवरून त्यांच्याशी बोलतो. नाहीतर आवाज रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवतो. निम्मे लोक ऐकून म्हणतात, मग राहू द्या. वासूभाऊ कुरकुर करत नाहीत. आणि दुसरं म्हणजे कोणी काही मागितलं की मी आधी विचारतो, "आवाज कोणाच्या कानात नको आहे? तुमच्या, का समोरच्याच्या?" लोकांना वाटतं, हा पोट्टा येडा आहे. मग विचार करायला लागतात.

माझं बोलणंही बदललं. एकदा आईचा फोन आला. "काय करायलास?" मी म्हणालो, "काम करून राहिलो." ती म्हणाली, "झालं ना करून? मग राहिलास कशाला, घरी जा की जेवायला." तिला समजावताना माझा आवाज भरून आला. तिला वाटलं, मला गावाची आठवण आली. तसं असू दे म्हटलं.

सहा महिने पुरे झाले त्या दिवशी मी वर्षाताईंना फोन केला.

"ताई, फॉर्मची आठवण करून द्यायला फोन केला होता."

"भरला होता भाऊ, आधीच. आता ते घरून घेत नाही म्हणे. नागपूरच्या ऑफिसात या म्हणते. घर सोडून मी कुठी जाऊ?" त्या इथंच उमरेडला एका झेरॉक्सच्या दुकानात लागल्या होत्या. मागं मशीनचा आवाज येत होता. एकसारखा, घर्रर्र, एएनसीनं सहज खाल्ला असता असा.

मी विचारलं, "मामाजी कसे आहेत?"

"बरे आहेत. गुडघे गेले. डॉक्टरनं पावड्या मारणं बंद करायले सांगतलं." मग म्हणाल्या, "आता मागाचा आवाज गेला भाऊ."

या वेळी मी नीट ऐकलं. तरी खात्री करून घेतली.

"गेला? का जाऊन राहिला?"

"गेला," त्या म्हणाल्या.